‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की किती ठिकाणी? हवामानाचा अंदाज संशोधकाच्या नजरेने वाचताना

एप्रिल-मे महिन्यात तुमच्या फोनवर साधारण असा मजकूर येतो: मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता, दक्षिण कोकणात एक-दोन ठिकाणी मुसळधार, कमाल तापमानात पुढच्या तीन दिवसांत २ ते ४ अंशांनी घट. दुसऱ्या दिवशी तुमच्या गावात कडक ऊन पडतं आणि गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘हवामान खात्याने सांगितलंय ना, मग आज छत्री नको!’

विनोद ठीक आहे. पण पीएचडीच्या मुलाखतीला येणारे बरेच विद्यार्थी हाच विनोद संशोधनाचा प्रश्न म्हणून घेऊन येतात. ‘महाराष्ट्रातले पावसाचे अंदाज किती बरोबर येतात?’ असा विषय लिहिलेला असतो. समोरचे परीक्षक मग एकच विचारतात: ‘बरोबर’ म्हणजे काय? आणि तिथे गाडी अडते. हा लेख त्या अडण्याबद्दल आहे. तुम्ही हवामानशास्त्रातले नसाल तरी वाचा, कारण अर्थशास्त्र, कृषी, सार्वजनिक आरोग्य, कुठेही अंदाज तपासायचा म्हटलं की हेच प्रश्न येतात.

आधी शब्द वाचा

वरच्या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द व्याख्या केलेला आहे. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. ‘मुसळधार’ हाही कवितेतला शब्द नाही. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. बोलताना आपण वीस मिनिटांच्या जोरदार सरीलाही मुसळधार म्हणतो. त्या सरीत २० मिमी पडले असतील तर खात्याच्या हिशेबात तो मुसळधार नाही.

‘शक्यता’ हा शब्द त्याहून फसवा. इंग्रजी बुलेटिनच्या तळाशी एक छोटा तक्ता असतो, तो सहसा कोणी बघत नाही. त्यानुसार ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. बातमीत हे तिन्ही बऱ्याचदा ‘शक्यता’ या एकाच शब्दात उतरतात आणि आपण तो शब्द ‘बहुतेक होणारच’ असा वाचतो.

आता हे दोन शब्द एकत्र करा. ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ हे शब्दशः घेतलं, तर सगळ्यात उदार हिशेब असा: असा पाऊस होण्याची शक्यता ५० टक्के, झाला तर २५ टक्के ठिकाणी. एका ठरावीक गावात तो येण्याची शक्यता ०.५ गुणिले ०.२५, म्हणजे साडेबारा टक्के. आठात एकदा. हा ढोबळ हिशेब आहे, कारण सगळी गावं सारखी नसतात; डोंगराच्या कडेच्या गावाला ढग लवकर सापडतो. तरीही मुद्दा कळतो. असा अंदाज आठ दिवस आला आणि तुमच्या गावात सात दिवस कोरडे गेले, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. तो जसा यायला हवा तसाच आला.

रंगांचंही असंच. पिवळा, नारंगी, लाल या रंगांना लोक मिलिमीटरची पट्टी समजतात. ते रंग काय करायचं ते सांगतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम दोन्ही बघतात. त्यामुळे रंगाची पडताळणी फक्त पर्जन्यमापकावरून करणारा प्रबंध पहिल्याच प्रकरणात अडखळतो.

ढग लहान, जिल्हा मोठा

मग खातं गावाचं नाव घेऊन का सांगत नाही? कारण वळवाचा ढग. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा वर उठू लागते. समुद्रावरून बाष्प आलेलं असेल आणि वरच्या थरात तुलनेने थंड हवा असेल, तर उठलेली हवा आजूबाजूपेक्षा उबदार राहते आणि वर जातच राहते. दुपारी तीन-चारला पांढरा कापूस दिसतो, पाचला तो काळा झालेला असतो. असा एकटा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद आणि आयुष्य अर्ध्या-एक तासाचं. आज या परिसरात असे ढग तयार होतील, हे आदल्या दिवशी बऱ्यापैकी सांगता येतं. कुठल्या शिवारावर, हे नाही. त्यासाठी तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक अंदाज असतो. तो मुख्यतः रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून देतात, म्हणजे ढग जन्मल्यानंतर.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ पासून वापरात आली. तिच्या जाळीचा चौकोन ६ किमीचा आहे. आधीच्या जागतिक मॉडेलचा १२ किमीचा होता. सुधारणा मोठी आहे. पण जाळी ६ किमीची म्हणजे ६ किमीचा ढग नीट दिसतो असं समजू नका. एखादी आकृती ओळखू यायला तिच्यावर अनेक चौकोन पडावे लागतात. दोन ठिपक्यांत चेहरा काढता येत नाही, तसंच.

ढग किती ‘स्थानिक’ असतो याचं आपल्याकडचं सगळ्यात भयंकर उदाहरण पावसाळ्यातलं आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४.२ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला ७३.४ मिमी. दोन्ही आकडे खात्याच्या व्याख्येत ‘मुसळधार’च्या उंबरठ्याच्या वर आहेत. कुलाब्यात बसून पडताळणी केली असती, तर ‘मुसळधार पाऊस झाला’ एवढीच नोंद होऊन विषय संपला असता.

९६.६ टक्के बरोबर

आता पडताळणीकडे. समजा तुम्ही एक जिल्हा, एक हंगाम घेतला आणि रोज लिहून काढलं की पावसाचा अंदाज होता की नव्हता, पाऊस पडला की नाही. मग बरोबर आलेले दिवस भागिले एकूण दिवस. टक्केवारी आली, प्रबंध झाला?

या टक्केवारीचा फुगा १८८४ सालीच फुटलाय. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधले जॉन फिनले चक्रीवातांचे, म्हणजे टॉर्नेडोचे, अंदाज देत. त्यांचे २८०३ अंदाज तपासले गेले. २८ वेळा ‘टॉर्नेडो येणार’ म्हटलं आणि आला. ७२ वेळा येणार म्हटलं, आला नाही. २३ वेळा येणार नाही म्हटलं आणि आला. उरलेल्या २६८० वेळा येणार नाही म्हटलं आणि आला नाही. बरोबर आलेले २७०८, म्हणजे ९६.६ टक्के. झकास! त्यावर आक्षेप आला तो असा: रोज डोळे मिटून ‘टॉर्नेडो येणार नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर २७५२ वेळा बरोबर आलं असतं. ९८.२ टक्के. काहीच न करणारा माणूस फिनलेंच्या पुढे गेला असता.

हे चार आकडे वहीत उतरवून स्वतः गणित करून बघा, वाचून पुढे जाऊ नका. खरे टॉर्नेडो ५१ आले, त्यातले २८ आधी सांगितले गेले, म्हणजे पकड ५५ टक्के. १०० इशाऱ्यांपैकी ७२ फुकट, म्हणजे खोटे इशारे ७२ टक्के. आणि ज्या २६८० वेळा काही सांगितलंही नाही, घडलंही नाही, त्या बाजूला काढल्या तर २८ भागिले १२३, म्हणजे सुमारे २३ टक्के. हे शेवटचं मोजमाप भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी त्याच वर्षी सुचवलं आणि आजही ते वेगळ्या नावाने रोज वापरलं जातं. एकाच तक्त्यातून ९६.६ही निघतो आणि २३ही. दोन्ही खरे आहेत. तुमचा प्रश्न कोणता, त्यावर कोणता छापायचा ते ठरतं.

आपल्याकडे आणून बघा. मे महिन्यात मराठवाड्यातल्या एखाद्या केंद्रासाठी रोज ‘कोरडं राहील’ म्हणा, गुण भरपूर मिळतील. जुलैत रत्नागिरीसाठी रोज ‘पाऊस पडेल’ म्हणा, तिथेही मिळतील. म्हणून अंदाजाची तुलना शून्याशी करू नका. फुकटात मिळणाऱ्या अंदाजाशी करा. फुकटातले अंदाज दोन: ‘या तारखेला सरासरी जे होतं तेच होईल’ आणि ‘काल झालं तेच आज होईल’. या दोघांपेक्षा किती जास्त, तेवढंच कौशल्य.

नेहमीचा हंगाम सोडून काही घडतं तेव्हा या फरकाची किंमत कळते. मे २०२५ आठवा. मान्सून केरळात २४ मे रोजी आला, नेहमीची तारीख १ जून. त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी ते दापोलीदरम्यान किनाऱ्यावर आला. २६ मे रोजी मान्सून मुंबईत होता, नेहमीच्या ११ जूनच्या ऐवजी. कुलाब्याला त्या महिन्यात २९५ मिमी पाऊस झाला आणि मे १९१८ चा २७९.४ मिमीचा विक्रम मोडला. सरासरीवर विसंबलेला ‘फुकटातला’ अंदाज त्या आठवड्यात साफ झोपला असता. अशा मोजक्या दिवसांतच मॉडेलचं खरं मोल दिसतं, आणि वर्षाच्या सरासरी टक्केवारीत नेमके तेच दिवस बुडून जातात.

अजून एक खाच. समजा अंदाज म्हणाला वादळ सिन्नरवर, आणि ते प्रत्यक्षात झालं वीस किलोमीटर पलीकडे. चौकोनागणिक तपासलं तर या अंदाजाला दोनदा शिक्षा होते: सिन्नरला खोटा इशारा, पलीकडे चुकलेली घटना. वादळाचा अंदाजच न देणाऱ्याला मात्र एकदाच शिक्षा! याला दुहेरी दंड म्हणतात. त्यावर उपाय म्हणून आजूबाजूचा परिसर धरून तपासायच्या पद्धती आहेत. २००८ साली रॉबर्ट्स आणि लीन यांनी मांडलेला ‘फ्रॅक्शन्स स्किल स्कोअर’ त्यातला सगळ्यात वापरला जाणारा. वादळी पावसावर काम करणार असाल तर तो शिकून घ्या.

पारा उतरला, पण कुठल्या तारखेला?

तापमानातल्या घटीचा अंदाज तपासायला सोपा वाटतो. एकच आकडा, तोही सलग बदलणारा. पण आधी ती घट येते कुठून ते बघू.

ढगातून पडणाऱ्या थेंबांपैकी काही वाटेतच वाफ होतात, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून घेतात. एक मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. जमिनीलगतच्या एक किलोमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला साधारण ११५० किलो हवा असते, आणि एक किलो हवा एक अंशाने गार करायला सुमारे १००० ज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार केला की उत्तर येतं दोन अंशांच्या जरा वर. म्हणजे फक्त एक मिमी पाणी हवेतल्या हवेत वाफ झालं तरी हा सगळा थर दोन अंशांनी गार होतो. ही गार, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर पसरते. पाऊस यायच्या आधी येणारी धूळ उडवणारी गार झुळूक ती हीच, आणि ताशी ४०-५० किमीचा सोसाट्याचा वाराही बऱ्याचदा हाच. दुसऱ्या दिवशी ढगाळ आकाश आणि ओली माती आपलं काम करतात: ऊन जमीन तापवण्याऐवजी पाणी वाळवण्यात खर्च होतं. मात्र हवेत बाष्प वाढल्याने उकाडा तसाच राहतो. पारा उतरला म्हणजे बरं वाटेलच असं नाही. अंदाज पाऱ्याबद्दल आहे, तुमच्या घामाबद्दल नाही.

आता तारखेची गंमत. खात्याचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या सकाळच्या तारखेला लिहितात. समजा १४ मे रोजी संध्याकाळी पाचला वादळ झालं. तो पाऊस तक्त्यात १५ मेच्या ओळीत दिसेल. १४ तारखेचं कमाल तापमान मात्र दुपारी तीनच्या सुमारास, वादळाच्या आधीच गाठून झालेलं असतं, समजा ४१ अंश. १५ तारखेला ते ३७. तुम्ही दोन फाइली तारखेवर जोडल्या की चित्र दिसतं: १५ ला पाऊस, १५ ला घट, सरळ संबंध! प्रत्यक्षात पाऊस आदल्या संध्याकाळचा आहे आणि घट ओल्या मातीची, ढगांची किंवा बदललेल्या वाऱ्याची असू शकते. कारण आणि परिणाम यावर बोलणारा अख्खा परिच्छेद या एका तारखेवर उभा राहतो किंवा कोसळतो. विदा हातात आल्यावर पहिलं काम: प्रत्येक रकान्याचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते लिहून ठेवा. उपग्रहाची आकडेवारी बहुतेक जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

आणि ‘२ ते ४ अंशांनी घट’ कशाच्या तुलनेत? आजच्या कमाल तापमानाच्या की सरासरीच्या? दोन्ही प्रकारचे आकडे बुलेटिनमध्ये असतात, वेगवेगळ्या ओळींत. बातमीत ते एकमेकांत मिसळतात.

चुकीचा इशारा कोणाला परवडतो

इथवर सगळं आकड्यांचं झालं. पण अंदाज चांगला की वाईट हे तो वापरणाऱ्यावरही असतं.

एप्रिलमध्ये नाशिककडच्या एका शेतकऱ्याचा उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ घालून ठेवलाय असं धरा. ताडपत्री आणि मजुरी मिळून झाकायचा खर्च ३,००० रुपये. भिजला तर नुकसान ६०,०००. (आकडे उदाहरणाचे आहेत.) खर्च भागिले नुकसान, म्हणजे ०.०५. पावसाची शक्यता ५ टक्क्यांच्या वर असेल तर झाकणं फायद्याचं. आपला मघाचा ‘तुरळक ठिकाणी’वाला साडेबारा टक्के अंदाज त्याच्यासाठी पुरेसा आहे, आठातले सात इशारे फुकट गेले तरी. शेजारी दुसऱ्याला मजूर लावून द्राक्षबागेचं एखादं मोठं काम करायचंय. ते पुढे ढकललं तर ४,००० बुडतात, पाऊस आला तर १०,०००. गुणोत्तर ०.४. त्याने याच अंदाजावर काम थांबवलं तर वर्षभर तोट्यात राहील. अंदाज एकच, बरोबर निर्णय दोन. ‘खोटे इशारे कमी करा’ ही मागणी दुसऱ्याच्या सोयीची आणि पहिल्याच्या मुळावर येणारी आहे. आणि उघड्या माळावर मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विजेच्या इशाऱ्यावर आडोशाला जायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्याच्यासाठी इशारे जास्तच असलेले बरे, माझं तरी स्पष्ट मत आहे.

मोजमापाचा उंबरठाही असाच कोणाच्या तरी घरापर्यंत जातो. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती ‘अतिवृष्टी’ धरतात, आणि नुकसानभरपाईच्या कामात ही नोंद महत्त्वाची ठरते. एका मंडळात अनेक गावं, पर्जन्यमापक बहुधा एक. मघाचा पाच-दहा किलोमीटरचा ढग आठवा. तो मंडळाच्या एका टोकाच्या गावावर फुटला, बांध वाहून गेले, आणि दुसऱ्या टोकाच्या मापकात ५८ मिमी पडले, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातला फरक इथे पंचनाम्यात उतरतो.

यातूनच संशोधनाचे चांगले प्रश्न निघतात. ‘अंदाज बरोबर येतात का’ याऐवजी असं काही: एका जिल्ह्यात मार्च ते मे दरम्यान, आदल्या दिवशीच्या वादळी पावसाच्या इशाऱ्याचं कौशल्य, ‘काल झालं तेच आज’ या अंदाजाच्या तुलनेत किती? किंवा: ६५ मिमीचा उंबरठा एकाच मापकावर तपासला तर उपग्रहाच्या नोंदीत दिसणाऱ्या मुसळधार घटनांपैकी किती निसटतात? विदा आहे. खात्याची १९०१ पासूनची पावसाची पाव अंशाच्या जाळीवरची आकडेवारी आहे, तापमानाची एक अंशाच्या जाळीवरची १९५१ पासून. उपग्रहाची ‘आयमर्ग’ ही दर अर्ध्या तासाची, दशांश अंशाच्या जाळीची आहे. फक्त पाव अंश म्हणजे सुमारे २७ किमी, हे विसरू नका. त्या चौकोनात वळवाचा ढग सरासरीत विरघळून जातो, म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी ही जाळी निरुपयोगी आहे, आणि मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी उत्तम.

अंदाजाची बाजू मात्र तुम्हाला स्वतः जमवावी लागेल. आजपासून तुमच्या जिल्ह्याचं बुलेटिन रोज मूळ रूपात उतरवून ठेवा, बातमीतलं नाही. फाइलच्या नावात तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळचं आणि दुपारचं बुलेटिन हे दोन वेगळे अंदाज आहेत, आणि वळवाच्या दिवसांत त्या काही तासांत बरंच बदलतं.